पदराचा वळसा

धनश्रीने शेजारच्या प्रमिलाबाईंना ओट्यावर बसवलं, मान वर करायला लावली आणि त्यांच्या जबड्याखालून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली.

“तुमको कुछ नहीं है,” तिने निकाल दिला. “जाओ.”

प्रमिलाबाई हसत उठल्या. सात वर्षांच्या या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभरात परमुलखातल्या नवागामच्या त्या गल्लीतले बहुतेक गळे तपासले होते, दूधवाल्याचासुद्धा. गाठी मात्र तिच्या एकटीच्याच गळ्यात होत्या. बोराएवढ्या, दोन्हीकडे. डावीकडे टाक्यांची खूणही होती. घरात आता एकच गळा तपासायचा राहिला होता, आजीचा.

आत तिची आजी, सुभद्राबाई, कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळत होत्या. योगिता, त्यांची सून आणि धनश्रीची आई, पाणी ओतत होती. श्रावणातला रविवार, पंखा बंद, कारण समोर देवीची समई तेवत होती. दोघींच्या डोक्यावर पदर होता, आणि त्याच पदराचा एक घट्ट वळसा दोघींच्या गळ्याभोवती होता.

दवाखान्यात धनश्रीला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना हा वळसा खटकला होता. “इतनी गरमी में गले पर क्यों लपेटा है, बेन?” त्यांनी विचारलं होतं. योगिता म्हणाली होती, “हमारे घर का रिवाज है.” लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूने स्वतःच्या हाताने तसा पदर घालून दिला होता. “आमना घरमा आसाच लेतस,” एवढंच म्हणून. योगिताने पुढे कधी विचारलं नाही. घाम पुसत राहिली.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. काम झालेल्या पेशींनी वेळेवर मरायचं असतं. त्यांना मरायला लावणारं एक एन्झाइम असतं आणि ते ज्याच्यावरून बनतं त्या जीनचं नाव कॅस्प-टेन. धनश्रीच्या त्या जीनमध्ये एक फरक निघाला होता. त्यामुळे पेशी जात नसाव्यात, गळ्यात आणि प्लीहेत साठून राहत असाव्यात. योगिताला हे चटकन समजलं. लग्न उरकून महिना झाला तरी न हलणारे पाहुणे तिने पाहिले होते.

पण तो फरक निरुपद्रवीही असू शकतो, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. आईबापाच्या रक्ताचा निकाल यायला वेळ होता आणि गाठ कॅन्सरची असली तर तेवढं थांबणं त्यांना धोक्याचं वाटत होतं. घरात आणखी कुणाला लहानपणी अशाच गाठी झाल्या असतील तर त्यांची खात्री पटणार होती, मग गोळ्यांवर भागलं असतं. नाहीतर, डावीकडच्या गाठीवरून काही ठरलं नव्हतं म्हणून, मंगळवारी उजवीकडची मोठी गाठ काढून तपासायची.

“आमना कुळमा अशा गाठी कोणलेच नही,” प्रश्न पुरता होण्याआधीच सुभद्राबाई म्हणाल्या होत्या. आणि परतताना रिक्षात, सुनेकडे न बघता, “तुन्हा माहेरले इचार.”

योगिताने विचारलं. आईला, मावशीला, पारोळ्याच्या म्हाताऱ्या आत्यालाही फोन केला. कुणालाच नव्हत्या. तरी सुभद्राबाई गल्लीभर सांगत राहिल्या की हे बाहेरून आलंय. आपणही पन्नास वर्षांपूर्वी बाहेरूनच या घरात आलो, हे त्या सोयीने विसरल्या होत्या. योगिताचा नवरा लखन पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून थकून यायचा, दोघींची तोंडं बघायचा आणि भिंतीकडे वळून झोपायचा. योगिताला सासूचा राग येई, पण त्याहून जास्त भीती मंगळवारची होती.

धनश्री आत आली आणि आजीसमोर उभी राहिली.

“आजी, तुम्हारा बाकी है.”

“जाय, पीठना हात शेतस.”

“तू मत हिल. मैं देखती.”

“नही म्हंतं ना!”

पोर मागे सरकली. रडली नाही. थोडा वेळ टाक्यांच्या खुणेवर बोट फिरवत राहिली.

“मम्मी, इस बार इधर से काटेंगे ना?” तिने उजवी बाजू दाखवली. “फिर दोनों तरफ सेम हो जाएगा.”

योगिताच्या हातातला तांब्या कलंडला. परातीत पाणी जास्त झालं. एरवी सुभद्राबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्या उठल्या, मोरीत हात धुतले आणि येऊन भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांनी गळ्याभोवतीचा वळसा सोडला.

“हात लाव, बेटा. आठे.”

धनश्रीची बोटं जबड्याखाली गेली, थांबली, पुन्हा मागे आली. कातडीखाली खडे लागत होते. आणि कातडीवर, दोन्हीकडे, जुने गोल काळे डाग होते.

“आजी! तेरे को भी है!”

“तुन्हायेवढी व्हतू,” सुभद्राबाई म्हणाल्या. त्या नातीशी बोलत होत्या, पण नजर देवीकडे होती. “गंडमाळ शे म्हनीसन बापनी तपेल लोखंडना डाग दिधा. मंग सोयरीक मोडी जाई म्हनीसन मायनी आसा पदर लेवाले शिकाडं.”

समईची वात तडतडली. योगिताला खूप काही बोलायचं होतं. दहा वर्षांच्या संसारात साठलेलं होतं. पण आधी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं. ही बाई गळ्यात गाठी घेऊन साठी ओलांडून गेली होती.

“आत्याबाई,” ती सासूला कशीबशी म्हणाली, “डॉक्टरले दखाडनं पडी.”

“येसू. मंगळवारनी वाट कसाले दखो? सकाय सोमवारलेच जाऊत.”

योगिताने नाक ओढलं आणि सैल झालेलं पीठ सावरायला परात पुढे ओढली. वाकताना तिचा पदर सुटला. सवयीने हात वर गेला आणि ती तो पुन्हा गळ्याभोवती घेऊ लागली.

सुभद्राबाईंनी तिचा हात धरला. पदराचं टोक सोडवून मागे टाकलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “गरम व्हस.”