शेवटपर्यंत ऐकून घेणं

समोरासमोरचा वर्ग संयोगिताने भांडून मिळवला होता. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका विमा कंपनीत ती होऊ घातलेल्या टीम लीडना शिकवायची. हाताखालच्या माणसाला त्याची चूक कशी सांगायची, घरातलं माणूस गेलेल्या ग्राहकाशी कसं बोलायचं, असले विषय. कोविडच्या काळात हे शिकवणं स्क्रीनवर गेलं आणि तिथेच राहिलं. पूर्वी नागपूरला वर्गात उभं राहून शिकवत आलेल्या बाईला आता काळ्या चौकोनांशी बोलावं लागत होतं. शेवटी ती एचआरच्या निधीकडे जाऊन बसली.

"माणसांशी वागायला शिकवते मी, आणि माणूसच दिसत नाही."

निधीने बरेच आढेवेढे घेतले, पण ऐकलं. या बॅचचे उरलेले वर्ग ऑफिसात होतील, हजेरी सक्तीची.

संयोगिताला सगळ्यात उत्सुकता होती ती येसाजीला बघायची. दाव्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या विभागातला हा जुना माणूस. कॅमेरा बंद, माइक बंद, पण चॅटमध्ये त्याच्याइतकं नेमकं कोणी लिहीत नसे. एकदा तिने विचारलं होतं, नवरा गेलेल्या बाईकडे तोच कागद मागायला पुन्हा फोन करायचा आहे, सुरुवात कशी कराल? सगळ्यांनी दिलगिरीची वाक्यं लिहिली. येसाजीने लिहिलं, 'आधी तिच्या नवऱ्याचं नाव घ्या. फाइलचा नंबर नंतर.' ते उत्तर तिने पुढे कितीतरी वर्गांत सांगितलं होतं.

वर्गाच्या दिवशी तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. चाळिशीचा, उंच, कडक इस्त्रीचा शर्ट. संयोगिताने कौतुकाने त्यालाच आधी उभं केलं. "येसाजी, तुमचं ते उत्तर सगळ्यांना ऐकवा ना."

तो उठला. पहिलंच अक्षर ओठांवर अडलं. जबडा ताठ झाला, मानेची शीर वर आली, पण शब्द काही सुटेना. कोणीतरी घसा खाकरला. शेजारचा तनय म्हणाला, "नाव घ्यायचं, असं म्हणतोय तो." दोघंतिघं हसले, वाईट हेतूने नव्हे, अवघडून. आणि उरलेलं वाक्य संयोगितानेच पुरं करून टाकलं.

येसाजी खाली बसला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याची खुर्ची रिकामी होती. संध्याकाळी त्याचा मेल आला: प्रशिक्षणातून आणि टीम लीडच्या निवडीतून आपलं नाव काढावं.

"असं काही होतं तर त्याने आधी कळवायला हवं होतं," निधी म्हणाली.

"आपण कुठे विचारलं होतं?" संयोगिता म्हणाली. तिला स्वतःचाच राग येत होता.

तिने त्याला मेसेज केला, भेटायला येऊ का? उत्तर मराठीत आलं, 'या. घर इथल्याच शिवाजीनगरला आहे.'

रविवारी ती गेली. बाजारामागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहणारं मराठा कुटुंब. दार त्याच्या थोरल्या बहिणीने, कौशल्याअक्कांनी उघडलं.

"स्वल्प, थोडी कॉफी घ्या आधी," त्या कानडी मिसळत म्हणाल्या. तो बाहेरच्या खोलीत येईपर्यंत त्या हळू आवाजात बोलल्या. "शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायला ह्याला वेळ लागायचा. तोवर मास्तर गैरहजर लावून पुढं जायचे. घरी येऊन सांगायचा, अक्का, मी बसलो होतो तिथंच."



येसाजी समोर बसला. "मी मध्येच बोलले," ती म्हणाली. "बोलायला नको होतं."

"स-सगळेच बोलतात. मदत म्हणून." तो थांबत थांबत बोलत होता. "ऑनलाइन क्लासात प-पहिल्यांदा माझं बोलणं लोकांनी शेवटपर्यंत घेतलं. वाचून."

"मग तुम्ही स्क्रीनवरूनच पूर्ण करा. मी निधीशी बोलते."

येसाजीने नकारार्थी मान हलवली. "टीम मिळाली तर माणसं स-समोरच बसणार. मी येतो, नाव राहू द्या. पण बोलायचं की लिहायचं, ते मी ठरवणार. आणि माझं वाक्य कोणी पुरं करायचं नाही."

"सरी, बरोबर आहे," अक्का आतून म्हणाल्या.

पुढच्या वर्गात संयोगिताने चॅट भिंतीवर दिसेल अशी सोय केली. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, ज्याला लिहायचं त्याने लिहावं, ज्याला घरून स्क्रीनवर यायचं त्याने तसं यावं; हजेरीची सक्ती निधीने काढली होती. मग येसाजी उभा राहिला.

"माझं बोलणं अ-अडकतं. तेव्हा थ..."

शब्द अडला. एसीची घरघर ऐकू येऊ लागली. तो शब्द संयोगिताच्या जिभेवर आला होता. तिने हात पाठीमागे घट्ट धरले. तनय टेबलाकडे बघत राहिला. इतकी शांतता सोसायला ती आजवर कोणाला शिकवू शकली नव्हती, स्वतःलाही नाही.

"...थांबा," येसाजी म्हणाला. "मला संपवू द्या." मग नाव घेण्याचं ते उत्तर त्याने तोंडाने सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याचं तिला बरं वाटलं. दुपारच्या सरावात अर्धं बोलून तो दमला, तेव्हा उरलेलं त्याने लिहिलं आणि सगळ्यांनी भिंतीवर वाचलं.

त्या खेपेला टीम तनयला मिळाली. येसाजीच्या नावापुढे निवड समितीने 'संवादकौशल्य अपुरे' असा शेरा मारला होता. संयोगिताने त्यावर लेखी हरकत घेतली, वाद घातला, पण निर्णय बदलला नाही. ही बातमी तिने फोनवर सांगितली नाही, मेलही केला नाही. त्याच्या टेबलापाशी जाऊन सांगितली.

"वाईट व-वाटलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पुन्हा अर्ज करीन."

वर्षभराने त्याने केला. मुलाखत स्क्रीनवर देण्याची मुभा होती. त्याने समोर बसून दिली. ती ठरल्या वेळेपेक्षा बरीच लांबली, आणि या वेळी टीम त्याला मिळाली. टीमची पहिली बैठक त्याने बोलून सुरू केली. मधली काही वाक्यं लिहिली, तेव्हा माणसं भिंतीवरच्या स्क्रीनकडे वळली आणि वाचून होईपर्यंत कोणी बोललं नाही.