बाजूला बसायचे दिवस

कस्तुराबाईचं आन मपलं कापसाच्या भर पऱ्हाटीत भांडन जुपलं, आन त्याची मला काडीची शरम न्हाई.

आमच्या पालमकडं बाईला कावळा शिवला की ती बाजूला बसती. चूल न्हाई, वावर न्हाई. कस्तुराबाईची सून, दैवशाला तिचं नाव, मपली शेजारीन. तिला सबंद म्हैन्यात तेवढीच फुरसत. दवाखान्यातल्या शिस्टरनं बायांना सांगितलं व्हतं, म्हैन्याला आपली छाती हातानं चाचपून बघत जा. ही बघायची ती नेमकी बाजूला बसल्यावर. तवा छाती ठनकायची, जिथं हात लावावा तिथं गाठीच लागायच्या. सासू म्हनायची, त्या दिवसांत समद्याच बायकायचं तसं असतंय, गप बस.

सासूचं खोटंबी न्हवतं, तिथंच तर जीव जळतोय. शिस्टरनं मला फोडून सांगितलं, पाळी सरून चार-आठ दिवस जाऊ द्या, सूज उतरती, मंग बघा. तवा गाठ लागली तर दवाखाना गाठा. पन तवा दैवशाला कुठं असती? दिवस उगवायच्या आत वावरात, दिवस बुडल्यावर चुलीम्होरं.

मंग पाळी सरल्यावर आठवड्यानं मीच तिला वढत न्हानीत नेलं. ठनका न्हवता. डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी कडक गाठ मातर तशीच व्हती.

दुसऱ्या दिशी वावरात मी कस्तुराबाईला म्हनलं, हिला परभनीला न्यायचं. ती कापूस येचता येचता म्हनली, "पुढच्या बारीला बाजूला बसली की जाईल की. तवा तशीबी रिकामीच असती."

मपलं डोस्कंच फिरलं. म्हनलं, बैल आजारी पडला असता तर त्याच दिशी डाक्टर बलावला असता तुमी. सुनंचा जीव गेला तरी चालंल, कामाला खाडा नको. तिचा नवरा सुग्रीव बांधावर तंबाखू मळायलता. त्याला इचारलं तर म्हनं, आई म्हनती तसं. एवढा थोरला बाप्या, आन तोंडात आईची जीभ.

दैवशाला उठली. कमरंची कापसानं भरलेली वटी सोडली, बांधावर गेली आन नवऱ्याच्या कमरंला आवळून बांधली. आमच्याकडं गडीमानूस कापूस येचीत न्हाई, लोक हसत्यात. शेजारच्या वावरातल्या बाया हसल्याबी.

"पुढच्या बारीला न्हाई, आजच," ती म्हनली. "मी येईपस्तोर ही कापसाची वळ तुमी धरा."

आमी दोघी सडकंला लागलो. मागून कस्तुराबाई वरडायलती. एसटीत चढताना मी फिरून बघितलं. सुग्रीव खाली वाकून कापूस येचायलता.