बुटांच्या तळव्याची माती

सासूबाईंच्या टोमॅटोला दृष्ट लागावी असा बहर आला होता, आणि तो पाहून सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

चौथ्या मजल्यावरची गॅलरी, जुनीच माती, तीही चुनखडीची. गेल्या खेपेला याच कुंडीतलं रोप जांभळट पडून खुरटलं होतं. अशा मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतो, पण कोठी भरलेली असून कुलूप लागलेलं आणि लेकरं उपाशी, तशी मुळांची गत होते. ते कुलूप उघडणारा जिवाणू सून प्रयोगशाळेत घडवत होती. मातीतलाच साधा जीव; जनुकांत फेरफार केल्यावर तो भरपूर आम्ल सोडू लागला. कुठेही ओळखता यावा म्हणून त्याला निळ्या उजेडात हिरवं चमकण्याचा गुणही दिला होता. सोमवारी त्याला मोकळ्या शेतात नेण्याची परवानगी मिळायची होती. तोवर त्याचा कणही प्रयोगशाळेच्या काचघराबाहेर जायचा नाही, असा नियम.

"आई, यात खत काय घातलंत?"

"खत कसलं? तुझ्या बुटांची माती." सासूबाईंनी केसांतली पिन काढून दाखवली. "तळव्याला रोज चांगली काळी माती घेऊन येतेस. केरात टाकायला जिवावर येतं माझ्या. उकरते आणि घालते कुंडीत. म्हटलं, तुमच्याकडची माती, शिकलेली असणार."

सून हसली नाही. काचघरातून निघताना बूट बदलायचे असतात. पण सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, थेंब घालायची वेळ चुकू नये म्हणून ती तशीच पळत सुटायची.

तिने चिमूटभर माती नळीत घेऊन बूच घट्ट लावलं आणि सगळं सांगून टाकलं.

"कुणाला बाधेल का गं?" सासूबाईंचा आवाज खाली आला.

"तसं वाटत नाही. पण बाहेर पडलेला जीव हाक मारली म्हणून परत येत नाही. आणि कळवलं, तर सोमवार गेलाच. चार वर्षांचं काम आहे, आई."

"आणि नाही कळवलं तर?"

"कुणाला कळणार नाही." हे बोलताना तिने नजर कुंडीवरून काढली नाही. "मी सांगेपर्यंत हात लावू नका. पाणीही नको."

प्रयोगशाळेत तिने ती माती पाण्यात कालवून, कुलूपबंद स्फुरद मिसळलेल्या दुधासारख्या पांढऱ्या थराच्या बशीवर पसरली. पुढचे दोन दिवस ती काय जेवली, ते तिच्या देवाला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी बशीत ठिपके उगवले. काहींभोवती पांढरा थर विरघळून स्वच्छ कडी पडली होती. पण तेवढ्याने काही ठरत नव्हतं. रानातले जिवाणूही अशी कडी पाडतात. ती अंधाऱ्या खोलीत शिरली. देवाने अंधार दिला तो झोपायला, पण माणसाची परीक्षाही तो बहुधा तिथेच घेतो.

तिने निळा दिवा लावला, नारिंगी चष्मा चढवला. एक ठिपका काळा. दुसरा काळा. तिचा श्वास मोकळा होऊ लागला. आणि कडेचा एक हिरवा पेटला. त्याच्या शेजारी आणखी एक.

बाजूलाच ऑटोक्लेव्ह होता, जिवंत ते सगळं वाफेत मारणारा मोठा कुकर. झाकण उघडंच. बशी आत टाकली की संपलं. झाकली मूठ, मन म्हणालं.

दारावर टकटक झाली. "अगं, किती वेळ?" साहेबांचा आवाज. "सोमवारच्या कागदांवर सह्या करायच्यात, ये."

"आले, सर."

तेवढ्यात फोन थरथरला. सासूबाई. "खाली फाटकाशी उभी आहे. पहारेकरी आत सोडत नाही."

सून बशी घेऊन खाली धावली. सासूबाईंच्या पायाशी मोठी बादली होती, तोंडाला दोन पिशव्या आवळून बांधलेली. आत कुंडी.

"हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"हात कुठे लावलाय? पिशव्या घालून उचलली." त्यांनी बशीकडे पाहिलं. "हिरवं निघालं?"

सुनेने मान हलवून हो म्हटलं.

"मग चल. मी सांगते तुझ्या साहेबांना. म्हातारीची चूक म्हटलं की माणसं सोडून देतात."

"पिन तुमची होती, आई. बूट माझे होते."

"आणि डोळे कुणाचे होते?"

सुनेने पहारेकऱ्याला सोडायची खूण केली. दोघींनी बादलीची कडी दोन्ही बाजूंनी धरली आणि जिना चढल्या. साहेब टेबलापाशी पेन उघडून बसले होते. तिने झाकलेली बशी कागदांवर ठेवली.

"सर, सही करू नका."