चिकटून की सुटं

हृषीकेश आणि निशिगंधा यांचं सहा महिने एकाच गोष्टीवरून वाजत होतं: आईंची खोली कुठे बांधायची?

आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या जरा बाहेर त्यांचं घर होतं, मागे लांबलचक हिरवळ. हृषीकेशची आई वसुधाबाई दर उन्हाळ्यात कराडहून यायच्या आणि महिनाभर बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपायच्या. आता त्या वर्षातले सहा महिने इथेच राहणार होत्या.

हृषीकेशला घराला चिकटून ग्रॅनी फ्लॅट हवा होता. एक खोली, बाथरूम, छोटा ओटा आणि आपल्या किचनमधून तिकडे जायला दार. "आईला अचानक बरं वाटेनासं झालं तर?" तो म्हणे. निशिगंधाला हिरवळीच्या टोकाला सुटं लाकडी घर हवं होतं. "त्यांनाही त्यांचं स्वातंत्र्य हवंच ना?" ती म्हणे. दोघंही आईंच्या वतीने भांडत होते. आईंना कोणी विचारलं नव्हतं.

त्यांचा आर्किटेक्ट डोनल दोन्हीची चित्रं काढून गेला होता. चिकटून बांधलंत तर काउन्सिल बहुधा हो म्हणेल, सुटं बांधलंत तर शंभर प्रश्न विचारतील, पण तशी दोन्ही 'ग्रँड', म्हणजे इथल्या भाषेत ठीकच, असं त्याने सांगितलं. त्या शेवटच्या वाक्याने भांडण आणखी महिनाभर लांबलं.

२०१२च्या एप्रिलमध्ये वसुधाबाई आल्या. वीस वर्षं पिठाची गिरणी एकटीने चालवलेली बाई. तीन दिवसांत मुलाने गाडीत आणि सुनेने कपड्यांच्या घड्या घालताना, दोघांनीही त्यांना आपापल्या बाजूला ओढून पाहिलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "चिकटून कसं वाटतं ते मला ठावं हाय, इतकी वर्सं सोफ्यावर झोपले. आता सुटं राहून बघते."

"कुठे?" हृषीकेशने विचारलं.

शेजारच्या ब्रीडाच्या अंगणात तिची कॅराव्हॅन, चाकांवरचं छोटं घर, उभी असे. जूनमध्ये ती किलकीच्या समुद्रावर जायची, तोवर रिकामीच. वसुधाबाईंनी दहा वर्षांच्या नातीला, स्वरांगीला, दुभाषी म्हणून बरोबर नेलं.

"आजी वॉन्ट्स टू लिव्ह इन युअर कॅराव्हॅन," स्वरांगी म्हणाली, "जस्ट फॉर अ वीक, लाइक."

ब्रीडा खो खो हसली आणि किल्ली काढून दिली.

पहिले दोन दिवस वसुधाबाई खूश होत्या. हवा तेव्हा चहा, हवी तेव्हा झोप, पत्र्यावर पावसाचा आवाज. तिसऱ्या दिवशी स्वरांगी दप्तर घेऊन आली, कारण तिथलं टेबल भिंतीतून बाहेर यायचं. संध्याकाळी हृषीकेश 'सहज' डोकावला आणि तीन भाकऱ्या खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. पाचव्या दिवशी स्वरांगीने उशी आणली.

सहाव्या दिवशी सकाळी निशिगंधा हॉस्पिटलमधून रात्रपाळी संपवून दूध द्यायला आली. "चहा टाकते, बस," वसुधाबाई म्हणाल्या. वळून पाहतात तर ही बाकावर बसल्या बसल्या झोपलेली, पायात बूट तसेच. त्यांनी बूट काढले, अंगावर पांघरूण घातलं आणि चार तास बाहेर ब्रीडाबरोबर बसून काढले. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं, त्यामुळे गप्पांत खंड पडला नाही.

निशिगंधा उठली ती ओशाळून. "आई, खरं सांगू? ते स्वातंत्र्य मला हवं होतं. सिंकमध्ये भांडी पडलेली असतात, आठवड्यातून दोनदा पिझ्झा येतो. तुम्ही रोज बघाल, याची भीती वाटायची."

"अगं, मी गिरणीतनं आले की रातच्याला चुरमुरे खाऊन निजायचे. हृषीला इचार," वसुधाबाई म्हणाल्या. "आनि भांडी काय, मला सोफ्यावरनं पण दिसत्यात."

निशिगंधाला हसू आलं, आणि का कोण जाणे, थोडं रडूही.

आठव्या दिवशी जेवायला चौघंही कॅराव्हॅनमध्येच होते. दोन फुटी टेबलाभोवती कोपराला कोपर लागत होतं. वसुधाबाईंनी निकाल दिला.

"चिकटून बांधा."

हृषीकेश निशिगंधाकडे बघून जिंकल्यासारखा हसला.

"हसू नगंस. तुझ्यामुळंच. सुटं बांधलं तर तुमी सगळे माझ्याकडंच मुक्कामाला याल, आनि तुमच्या एवढ्या मोठ्या घरात मला एकटीला झोपावं लागंल. चिकटून बांधा, पर मधल्या दाराची कडी माझ्या बाजूनं. आनि बाहेरचं दार माझं वेगळं."

पुढे डोनल नवं चित्र घेऊन आला, तेव्हा त्याने त्यात कडी रेखून दाखवल्यावरच त्या जागच्या उठल्या. त्या वर्षी मंदीमुळे बांधकामं ठप्पच होती, त्यामुळे गवंडी लगेच मिळाले, आणि परवानगी हातात पडताच काम सुरू झालं. पुढच्या मे महिन्यात वसुधाबाई नव्या खोलीत राहायला आल्या. ब्रीडा सफरचंदाचा टार्ट घेऊन आली.

निशिगंधाने पुण्याला आपल्या आईला, रोहिणीताईंना, व्हिडिओवर सगळी खोली फिरवून दाखवली. 

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "मी आले की कुठे झोपायचं?"

हृषीकेश हळूच पेपरामागे गेला.  तेवढ्यात वसुधाबाईंनी निशिगंधाच्या हातून फोन घेतला.

"विहीणबाई, कवा येताय ते सांगा. भिंतीकडची जागा मी घेतलीय, तुमाला खिडकीकडची."