उजवा दात केसभर वर

मित्रांनो, मी एक जुना पंच आहे. क्रिकेटमधला नव्हे, कागदाला भोके पाडणारा. तोंडात तीन दात आणि डोक्यावर एक दांडा, एवढाच माझा संसार. पण टीव्हीवरचे पोस्टमन कासव माझ्या जोरावर चालायचे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

कासवाने एक पाऊल टाकायचे तर डझनभर चित्रे लागत आणि प्रत्येक चित्र तसूभरही न हलता एकाच जागी बसावे लागे. म्हणून मी कोऱ्या कागदाला खाली तीन भोके पाडी. चित्रकार तो कागद टेबलावरच्या तीन खुंट्यांत अडकवीत.

मला घडवताना लेथवाल्याने उजवा दात केसभर वर बसवला. स्टुडिओचे मालक म्हणाले, "परत करा हे." चित्रकारांच्या प्रमुख बाईंना सगळे काकू म्हणत. त्या म्हणाल्या, "राहू द्या. खुंट्याही तशाच करून घ्या. सगळ्यांचं वाकडं एकसारखं असलं, की चित्र सरळच दिसतं."

त्या वाक्याने मला जीवदान मिळाले. मी एकवीस वर्षे राबलो. मुले कासवाच्या नावाने पत्रे पाठवीत आणि काकू ती काम थांबवून मोठ्याने वाचीत. मीही ऐके. मग संगणक आले. खुंट्या भंगारात गेल्या, काकू निवृत्त झाल्या आणि मी जिन्याखाली रंगाच्या डब्यांचे ओझे वाहू लागलो. फार वाईट वाटले.

पुढे एका वाहिनीला कासव पुन्हा दाखवायचे होते. मूळ चित्रे शाबूत होती, पण नव्या, सरळ खुंट्यांवर ती बसेनात. कडा जुळवून फोटो काढले, तर कासव ताप भरल्यासारखे थरथरू लागले. कडा हाताने कापलेल्या, त्या कुठून सारख्या असणार? आता मालकांची मुलगी कारभार पाहत होती. ती म्हणाली, "आठवड्यात जमलं नाही, तर हे गठ्ठे रद्दीत जातील."

हे कळताच काकू काठी टेकत आल्या. त्यांनी एका कागदाच्या भोकांवरून बोट फिरवले. भोकांच्या कडा पिंजल्या होत्या; नेमके माप त्यांवरून मिळणार नव्हते.

"आमचा पंच कुठे आहे?"

"काकू, तो गंजलाय. आता काय उपयोग?" मुलगी म्हणाली.

"गंजला असेल. खोड गेली नसेल."

त्यांनी स्वतः डबे बाजूला सारले, मला तेल पाजले आणि दोन्ही हातांनी दांडा दाबला. मी सगळा जीव एकवटून चावलो. उजवे भोक केसभर वरच पडले. तो कागद घेऊन त्या लेथवाल्याकडे गेल्या आणि तशाच खुंट्या करून आणल्या. मग रोज सकाळपासून त्या एकेक चित्र अडकवीत बसल्या. अंधार पडेपर्यंत उठत नसत. सातव्या दिवशी कासव पडद्यावर चालले, अजिबात न थरथरता. मुलगी म्हणाली, "काकू, चुकलं माझं." काकूंनी तिला पुढचा गठ्ठा आणायला सांगितले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या आधाराने काय काय उभे आहे, एवढे विचारा. मी अजून जिन्याखालीच असतो. पण आता माझ्यावर डबे ठेवत नाहीत, आणि महिन्यातून एकदा ती मुलगी येऊन मला तेल घालते.