साठ सेकंदांतले मासे

मी स्टॉपवॉच बोलतोय. दिसायला बटाट्याएवढा, पण माझ्यापुढे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

माझी उमेदीची वर्षं गिरगावातल्या एका शाळेत, पी.टी.च्या सरांच्या गळ्यात गेली. पोरं धापा टाकत यायची आणि सर माझ्याकडे बघून त्यांच्यावर ओरडायचे. आता परळच्या एका हॉस्पिटलात ऋता मॅडमच्या टेबलावर असतो. इथे शब्द पळतात. पार्किन्सन्सची थरथर कमी व्हावी म्हणून मेंदूत बारीक तार बसवतात. त्याआधी पेशंटची स्मरणशक्ती, विचारशक्ती धड आहे ना, हे मॅडम तपासतात. ती फारच ढासळली असेल तर ऑपरेशन होत नाही.

लालबागचे सीताराम राणे आले ते बायकोला घेऊन. त्यांना एकच हवं होतं, स्वतःच्या हातांनी काटे काढून बांगडा खायचा. चार वर्षं कांताबाई त्यांना काटे काढून भरवत होत्या, आणि इथे उत्तरंही त्याच द्यायला लागल्या. वार कुठला, मजला कितवा, सगळं फटाफट. मॅडमनी त्यांना गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं.

मग माझं बटण दाबलं. एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायची होती. गाय, कुत्रा, मांजर. पुढे सामसूम. वीस सेकंद गेले, माणूस घामाघूम.

"मॅडम, मासे चलतत काय?"

मॅडमनी मान डोलावली आणि काका सुटले. बांगडा, तारली, पेडवे, मुडदुशे, सौंदाळे... लिहिता लिहिता मॅडमची पुरेवाट झाली. मी वाजलो तेव्हा चोवीस नावं झाली होती आणि काका अजून बोलतच होते.

ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी काका पुन्हा आले, हात अगदी स्थिर. रविवारी दोन बांगडे एकट्याने फस्त केल्याचं त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. नावं मात्र या खेपेला मासे धरूनही चौदाच. ऑपरेशननंतर काहींचे शब्द असे जरा उशिरा येतात, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. आता कांताबाईंनाही आत बोलावून समजावलं. काका राहून गेलेल्या एका माशाचं नाव सांगायला गेले आणि अडकले. कांताबाईंनी लगेच तोंड उघडलं.

"वायच थांब गो. आठवतला माका."

त्या थांबल्या. त्यांना ते किती जड गेलं, ते मी बघत होतो. बराच वेळ गेला.

"मोरी," काका म्हणाले आणि हसले.

माझी आता निवृत्ती जवळ आलीय, मॅडम यापुढे वेळ टॅबलेटच्या स्क्रीनवर मोजणार आहेत. जाता जाता एवढंच सांगतो. एक मिनिट झालं की मला वाजावंच लागतं, माझा नाइलाज असतो. तुमच्यावर तशी सक्ती नाही.