आठ बाय सातमध्ये मावणारा कॅमेरा

"काका, अहो हे काय करताय? गिऱ्हाइकं येतील आता." कुंदन काउंटरवरून वाकून खाली बघू लागला.

तुळशीराम कुंदनच्या दुकानाच्या फरशीवर उकिडवा बसून खडूने रेघ मारत होता. टेपचं एक टोक त्याने पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. आठ फूट झाले, मग काटकोनात वळून सात फूट झाले. चौकोन पुरा करून तो उठला, एका कडेला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "हे किचन. माझ्या मागं भिंत हाय. समोरचा ओटा, वरची शटरं, खालच्या ट्रॉल्या, सगलं ज्यात येल तो कॅमेरा दे."

कुंदन पनवेलच्या बाजारात बारा वर्षं कॅमेरे विकत होता. लोक त्याला मेगापिक्सेल विचारत, वॉरंटी विचारत. फुटांत कॅमेरा मागणारा हा पहिलाच.

तुळशीराम सुतारकाम करी. गाव पळस्प्याच्या अलीकडे, वय एक्कावन्न. त्यातली सव्वीस वर्षं लोकांची किचनं करण्यात गेली, पण नाव कुठेच लागलं नाही. काम वल्लरी मॅडमच्या नावाने व्हायचं. त्या इंटिरियर डिझायनर. गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्या, फोटो काढून मिरवायच्या त्या. तुळशीरामची त्याला हरकत नव्हती, कारण बोलायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप लागे. पण मॅडम सगळं आवरून परदेशी गेल्या आणि हा उघड्यावर पडला. आता या वयात दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने जायचं, नाहीतर स्वतःच्या नावावर काम मिळवायचं. असं एक काम समोर आलं होतं. नवीन पनवेलात सत्यजीत नावाच्या गृहस्थाने फ्लॅट घेतला होता. त्याने सांगितलं होतं, "रविवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही केलेल्या कामांचे फोटो दाखवा. नाहीतर मी दुसऱ्याला देतो."

फोटो तुळशीरामच्या मोबाइलमध्ये साठेक होते. सगळे बिजागऱ्यांचे, सांध्यांचे, लॅमिनेटच्या कडांचे. त्याचा जीव तिथे! मुलगी रिया ते बघून हसून हसून लोळली होती. "बाबा, पण किचन कुठाय?"

त्या जुन्या मोबाइलमध्ये अख्खं किचन मावतही नव्हतं, म्हणून ही कॅमेऱ्याची खरेदी. नवा घ्यायची ऐपत नव्हती, पण हौशी लोक नव्या तऱ्हेच्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे कुंदनकडे चांगले वापरलेले डीएसएलआर पडून होते. त्यातला एक काढून त्याने त्याला भलीमोठी लांब लेन्स लावली. "काका, याने लांबचं एकदम जवळ येतं."

"आठ फुटांत लांबचं काय असनार रे?"

मग कुंदनने आखूड, रुंद तोंडाची लेन्स चढवली. तुळशीरामने डोळा लावला आणि खूश झाला. अख्खं दुकान आत आलं होतं, शिवाय स्वतःच्या चपलेचं टोकही. पण पुढच्याच क्षणी त्याने कॅमेरा खाली घेतला.

"ह्यात तुझं कपाट वाकडं दिसतंय. ते सरल हाय, मी आल्या आल्या बघितलं. माझं काम जर असं तिरपं दाखवलं, तर मला कोन उभं करील?"

"तुम्ही वरून खाली झुकवून धरलात म्हणून. छातीशी धरा, एकदम आडवा, पाणपातळीत."

पाणपातळी म्हटल्यावर पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने कॅमेरा असा स्थिर धरला की कपाट जागच्या जागी ओळंब्यात उभं राहिलं. कुंदनलाही इतका सरळ फोटो कधी जमला नव्हता.

एक अडचण उरली. घरून निघताना बायकोने, जनीने, बजावलं होतं, "नुसत्या भिंतींचे फोटो काढाचे असतील तर नको. मानसांचे पन आले पायजेत." तिचं खरं होतं. रियाच्या बारशानंतर घरच्यांचा एकत्र फोटो नव्हता, कारण तुळशीरामचा रविवारही दुसऱ्याच्या घरात जायचा. म्हणून त्याने कुंदनला कडेला उभं करून रुंद लेन्समधून बघितलं. कुंदनचा खांदा दाराएवढा पसरला होता.

"असं केलं तर जनी मला घरात घेनार नाय," तो म्हणाला.

शेवटी कॅमेऱ्याबरोबर मुळातच येणारी साधी लेन्स निघाली, अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची. अठरावर किचन अर्ध्या फुटाने कमी पडत होतं. रिंग फिरवत पंचावन्नवर आणली की कुंदनचा एकट्याचा चेहरा समोर येई आणि पापण्यासुद्धा मोजता येत.

"अर्धा फूट मी दाराबाहेर उभा राहीन," तुळशीराम म्हणाला. "हाच दे."

रविवारी सकाळी जनी बरोबर निघाली. रियाचा क्लास होता, म्हणजे कॅमेऱ्याची पिशवी धरायला दुसरं कोण येणार? पहिलं घर अरुंधतीबाईंचं. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्याच राहायच्या, नऊ वर्षांपूर्वी त्यांचं किचन तुळशीरामने केलेलं. त्यांनी आनंदाने दार उघडलं आणि ओटाही आधीच आवरून ठेवला होता.

जनीने याआधी त्याचं एकही काम पाहिलं नव्हतं. सुताराच्या बायकोला लोकांच्या स्वयंपाकघरात कोण बोलावतो? ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तुळशीराम सारखा म्हणत होता, "बाजूला हो. फोटोत येतेस." दारात पाय रोवून त्याने आठ-दहा फोटो काढले. एकही शटर कललं नाही.

"नऊ वर्षं झाली, हा ड्रॉवर एकदा अडकला नाही हो," अरुंधतीबाई जनीला म्हणाल्या. "ओढून बघा ना."

जनीने दोन बोटांनी ड्रॉवर ओढला. तो अलगद बाहेर आला. नुसता स्पर्श केल्यावर आवाज न करता आत गेला. तिने पुन्हा ओढला. मग तिने वरची शटरं बघितली, कोपऱ्यातली फिरती जाळी बघितली आणि अर्ध्या उघड्या ड्रॉवरवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली.

"हे सगलं तुमी केलं?"

तुळशीरामने रिंग पंचावन्नवर नेली आणि बटण दाबलं.

आणखी दोन घरं करून संध्याकाळी तो सत्यजीतच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये पोचला. सत्यजीत खिडकीच्या कट्ट्यावर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो बघू लागला.

"मस्त काम आहे. रेषा बघा किती सरळ," तो म्हणाला आणि थांबला. "स्पष्टच बोलतो, राग मानू नका. मागच्या घराच्या वेळी एकाने असेच मस्त फोटो दाखवले होते. दुसऱ्याचं काम होतं. नंतर फार मनस्ताप झाला आम्हाला. हे तुमचंच आहे कशावरून?"

सरळ फोटो काढायचे एवढंच तुळशीरामच्या डोक्यात होतं, असं कुणी विचारील हे आलंच नव्हतं. "त्या बाईंना फोन लावू का?"

"त्यानेही लावून दिला होता."

आता हा माणूस कॅमेरा परत देणार, हे तुळशीरामने ओळखलं. सत्यजीतने जाता जाता म्हणून आणखी एक बटण दाबलं.

"या कोण?"

"माझी बायको. तो घरचा फोटो हाय, चुकून आला. पुढं जावा."

सत्यजीत पुढे गेला नाही. फोटोतली जनी ड्रॉवरवर हात ठेवून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. डोळे भरलेले, ओठांवर हसू.

"रडताहेत का त्या?"

"नाय नाय. पयल्यांदा बघत होती."

"काय?"

"माझं काम." तुळशीराम खाली बघत म्हणाला. "सव्वीस वर्षं रोज डबा बांधून दिला तिनं. मी जाऊन काय करतो ते तिला कदी दिसलंच नाय."

सत्यजीत कॅमेरा दोन्ही हातांनी परत देऊन उठला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीजवळ गेला.

"ओटा या बाजूला घ्यायचाय. कधी सुरू करताय?" तो म्हणाला. "आणि पूर्ण झालं की वहिनींना घेऊन या. त्यांना बघू दे आधी."

"आनतो," तुळशीराम म्हणाला. आणि त्याने टेप काढला.